सालगडी कां टिकत नाहीं?

गुढीपाडवा पंधरा दिवसांवर आला म्हणजे आमच्या अहमदपूर तालुक्यांत ओट्याओट्यावर एकच विषय निघतो. यंदा कोणाचा गडी कोणाकडे जाणार? साल भरलेला गडी पुनः राहतो कीं नाहीं, हें त्याच्या तोंडून स्पष्ट निघत नाहीं. शेजारचा शेतकरी त्यास दोन पोतीं ज्वारी अधिक कबूल करून बसलेला असतो, आणि ऊसतोडीच्या मुकादमाचा निरोपही त्याच्या घरीं येऊन गेलेला असतो. गुढी उभारून झाल्यावर नैवेद्याचें ताट तसेंच ठेवून कित्येक मातबर शेतकरी मोटारसायकलीवर बसून वाड्या-तांड्यांवर गडी शोधीत फिरतांना आम्हीं पाहिले आहेत. संध्याकाळीं ते रिकाम्या हातानें परत येतात आणि म्हणतात, "मजूर माजले."

हें वाक्य आमच्याही तोंडून एकेकाळीं निघालेलें आहे. परंतु तें म्हटल्यानें गडी मिळत नाहीं, आणि मिळालेला टिकत नाहीं. सबब या प्रश्नाचा विचार मालकाच्या बाजूनें, म्हणजे आपल्या स्वतःच्या वागणुकीच्या बाजूनें, करून पाहावा असें मनांत आणून हा लेख लिहिला आहे.

सालाची रीत वाचकांस ठाऊकच आहे. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बारा महिन्यांचा करार. कांहीं रोकड, कांहीं ज्वारी. कपडा, वहाणा, घोंगडी. आणि आरंभीं उचल. लेखी कागद बहुधा नसतो. चारचौघांसमक्ष बोलणें झालें, उचलीची रक्कम हातांत पडली, कीं साल बसलें. हा तालुका निजामाच्या राज्यांत बीदर जिल्ह्यांत होता. १९५६ सालीं राज्यपुनर्रचनेंत तो मुंबई राज्यांत येऊन उस्मानाबाद जिल्ह्यांत पडला, आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यांत आहे. जिल्हे बदलले, दफ्तरें या गांवाहून त्या गांवीं गेलीं. पाडव्याची रीत मात्र जागची हलली नाहीं.

पूर्वीं गडी टिकत असे हें खरें आहे. परंतु तो कशानें टिकत असे, हें प्रामाणिकपणें पाहिलें पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं तो कर्जानें टिकत असे. घेतलेली उचल साल संपतां फिटत नसे. बाकी पुढील सालावर चढे. बाप गेला तर मुलगा तीच बाकी डोक्यावर घेऊन त्याच गोठ्यांत उभा राही. निजामाच्या मुलखांत तेलंगणाकडे या रीतीस 'भगेला' असें नांव होतें. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यांत देशांतील अशा ज्या अनेक प्रथांचीं नांवें घातलीं आहेत, त्यांत भगेल्याचेंही नांव आहे. त्या कायद्यानें बंधाचें असें ऋण फेडण्याची जबाबदारी नाहींशी केली, आणि जो कोणी मनुष्यास सक्तीनें वेठीस राबवील त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. उचल देणें हा अपराध नव्हे. उचलीच्या जोरावर माणसास दुसरीकडे जाऊं न देणें हा अपराध आहे. आमचे कित्येक बंधू "माझे पैसे फेड आणि मग जा" असें म्हणून गड्याची वाट अडवितात, त्यांनीं हें नीट समजून घ्यावें. पैसे मागण्याचा मार्ग निराळा आहे आणि माणूस अडविण्याचा मार्ग निराळा.

दुसरें म्हणजे, पूर्वीं गड्यास जावयास जागा नव्हती. ती जागा १९७२ च्या दुष्काळानें दाखविली. त्या सालीं मराठवाड्यांतील हजारों माणसें खडी फोडण्यास व पाझर तलावांच्या कामावर गेलीं. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढें १९७७ सालीं कायदा झाला, व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. महसुली कारकुनींत असतांना या कामांचे हजेरीपट आमच्या हातांखालून गेले आहेत. त्या वेळीं एक गोष्ट आमच्या लक्षांत आली. ती मोठमोठ्या अहवालांत सांपडावयाची नाहीं. हजेरीपटावर आपलें नांव कोठें आहे, हें पाहण्यास मजूर येत. वाचतां येत नसे, तरी बोट ठेवून "हें माझंच ना?" असें विचारीत. आपण इतके दिवस भरले, त्याबद्दल इतके रुपये निघाले, आणि हें कोठेंतरी शाईनें लिहिलेलें आहे, यांत त्यांस जें समाधान वाटे तें रकमेच्या मानानें फार मोठें होतें. त्या कामावर स्त्री-पुरुषांस दर सारखा होता, पिण्याचें पाणी व सावली देण्याची तरतूद होती, आणि काम सुटण्याची वेळ ठरलेली होती. ज्यानें एकदां हें पाहिलें, त्याच्या मनांत मालकाच्या गोठ्याविषयीं तुलना उत्पन्न झाली नसती तरच नवल.

आतां ऊसतोड. नवरा-बायको मिळून एक कोयता धरून मुकादम उचल देतो, आणि दिवाळीच्या सुमारास ही जोडी मुलाबाळांसह पश्चिमेकडील कारखान्यांच्या मुलखांत किंवा कर्नाटकांत जाते, ती उन्हाळ्याच्या तोंडीं परत येते. पहाटेच्या थंडींत मोळ्या बांधावयाच्या, रात्रीं गाडी भरावयाची, पालाच्या कोपींत राहावयाचें, मुलांची शाळा बुडवावयाची. हें काम सालापेक्षां सोपें आहे असें कोणी म्हणणार नाहीं, आणि मुकादमाची उचल कांहीं कमी जाचक नाहीं. तरीही आमचा गडी तिकडे कां जातो? आम्हीं एका परत आलेल्या जोडप्यास हेंच विचारिलें. बाई म्हणाली, "तिथं मोळी मोजून पैसं हायती. इथं मी दहा वर्सं मालकाच्या गोठ्यातलं शेण काढलं, ते कुणी मोजलंच न्हाई."

हें उत्तर आम्हांस फार दिवस बोंचत राहिलें. साल ठरतें तें पुरुषाचें. परंतु त्याच्या बायकोनें सकाळीं गोठा झाडावा, सणावाराला वाडा सारवावा, धान्य निवडावें, हें सर्व सालांतच आलें असें आपण धरून चालतों. तिच्या नांवापुढें एक रुपयाही लिहिलेला नसतो. गडी सोडून जाण्याचा बेत बहुधा त्याच्या घरांत ठरतो, मालकाच्या शेतांत नव्हे; आणि घरांतील ज्या व्यक्तीचें मत तेथें वजनदार पडतें, तिलाच आपण फुकट राबवीत असतों. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें आहे कीं, बायकोचें काम घ्यावयाचें असेल तर तें वेगळें बोलून, वेगळा मोबदला ठरवून, तिच्याच हातीं तो द्यावा. नसेल द्यावयाचा तर काम सांगूं नये.

आतां सालाच्या रकमेचा हिशेब करूं. समजा, साल १,२०,००० रुपयांस ठरलें. ऐकतांना आंकडा भरदार वाटतो. यास ३६५ नीं भागिलें तर दिवसास सुमारें ३२९ रुपये पडतात. यांत सुट्टी नाहीं, पहाटे वैरण टाकण्यापासून रात्रीं दावणीला पाणी दाखविण्यापर्यंतचा वेळ आहे, आणि पाळीप्रमाणें रात्रीं वीज आली तर मोटार चालू करून पाणी देणेंही आहे. सोयाबीनच्या काढणीस गुत्त्यानें जाणारी टोळी सकाळीं जाऊन दुपार कलतांच मोकळी होते, आणि तिच्या वांट्यास काय पडतें तें गडी रोज डोळ्यांनीं पाहतो. आतां त्याच गड्यास महिन्यांतून चार दिवस हक्काची रजा दिली, तर वर्षांत ४८ दिवस जातात, ३१७ उरतात, आणि दर दिवसाची मजुरी सुमारें ३७९ होते. मालकाच्या खिशांतून एक रुपया अधिक गेला नाहीं, परंतु गड्याच्या पदरांत दिवसामागें पन्नास रुपयांचा फरक पडला आणि बाजाराचा दिवस त्याचा स्वतःचा झाला. पुष्कळ मालक रकमेंत पांच हजार वाढवितील, परंतु रजेचें नांव काढूं देणार नाहींत. कारण रजा दिली म्हणजे त्या दिवशीं शेण स्वतः काढावें लागतें! खरी अडचण येथें आहे.

पगार वाढविल्यानेंच सर्व होतें असें मानणारांसाठीं एक दूरचें उदाहरण सांगतों. अमेरिकेंत डेट्रॉइट येथें हेन्री फोर्ड याच्या मोटारींच्या कारखान्यांत १९१३ सालीं अशी स्थिति होती कीं, सुमारें १४ हजार माणसें कामावर राखण्याकरितां वर्षांत ५२ हजारांहून अधिक माणसांची भरती करावी लागली. माणसें येत आणि कांहीं दिवसांतच जात. जानेवारी १९१४ मध्यें त्यानें दिवसाची मजुरी जवळजवळ दुपटीवर, म्हणजे पांच डॉलरपर्यंत, नेली, आणि कामाचे तास नवावरून आठावर आणिले. पुढील वर्षीं माणसें सोडून जाण्याचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. येथपर्यंत गोष्ट सर्वत्र सांगतात. ती पुढें अशी आहे कीं, ही वाढीव मजुरी मिळण्यासाठीं मजुराचें घर कसें आहे, तो दारू पितो काय, पैसा कोठें खर्चितो, हें पाहण्यास कारखान्याचे लोक त्याच्या घरीं जात, आणि तें मजुरांस अपमानाचें वाटे. आपल्याकडेही गड्यास हजार रुपये अधिक देऊन वर "कुठं उडवलेस?" असें विचारणारे मालक आहेत. दिलेला पैसा त्याचा झाला. मग तो त्यानें कोठें खर्चिला हें विचारण्याचें आपणांस कारण नाहीं.

आपल्या मुलखांतील उदाहरण अधिक जवळचें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडल स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर नांगरांचा कारखाना नेला. आसपास गांव नाहीं, पाण्याची ददात. अशा ठिकाणीं कामगार टिकावा कसा? त्यांनीं कारखान्याबरोबर कामगारांचीं घरें उठविलीं आणि वस्तीच वसविली, तीच पुढें किर्लोस्करवाडी झाली. रात्रीच्या पहाऱ्यास त्यांनीं पूर्वीं शिक्षा भोगून आलेलीं माणसें नेमिलीं, हें तर प्रसिद्धच आहे. त्याच औंध संस्थानांत १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत निघाली. भिंत नाहीं, कैदी बायकामुलांसह राहून शेती करतो. भिंतीशिवाय कैदी जागेवर राहूं शकतो, तर चांगल्या वागणुकीनें गडी राहणार नाहीं, असें म्हणण्यास आधार काय?

घराचा मुद्दा आमच्या शेतकऱ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. शेतांत गड्यास जी कोपी असते तिच्यांत एका अंगास खताचीं पोतीं, दुसऱ्या अंगास तणनाशकाचे डबे, आणि मध्यें माणूस निजतो. विषारी औषध निजण्याच्या जागेंत ठेवूं नये, हें तरी किमान करावें. रात्रीं पाणी देण्यास जाणाऱ्यास चांगली बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट द्यावे. विंचू-सर्पाचें भय मालक व गडी यांस सारखेंच आहे, परंतु अंधारांत वाफ्यांत पाय घालतो तो गडी. येथें एक गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. शेतकऱ्यांच्या अपघाताकरितां जी सरकारी सानुग्रह योजना आहे, तिचा लाभ सातबाऱ्यावर नांव असणाऱ्यास व त्याच्या कुटुंबांतील एकास मिळतो. सालगडी यांत येत नाहीं. त्याच्यासाठीं बँकेच्या खात्यांतून वर्षास २० रुपये कापून घेणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. वय १८ ते ७० असावें लागतें, आणि अपघातीं मरण आल्यास दोन लाख रुपये मिळतात. पाडव्याच्या पानसुपारीहून हा खर्च कमी आहे. मालकानें स्वतः बँकेंत बरोबर जाऊन तो उतरवून द्यावा.

बोलण्याचालण्याविषयीं फार लिहावयास नको, तरी थोडें लिहितों. पन्नाशीच्या गड्यास घरांतील दहा वर्षांच्या पोरानें एकेरी हाक मारावी, ही रीत पुष्कळ घरीं अजून आहे. चहाचा पेला वेगळा ठेवण्याची रीतही समजतें तितकी गेलेली नाहीं. ती आतां कागदी पेल्याच्या रूपानें आली आहे. आमच्या भागांत वेळअमावस्येस सारा गांव शेतांत जातो. कडब्याच्या कोपींत पांडवांची पूजा होते. भज्जी, आंबील, उंडे यांचें जेवण पाहुण्यारावळ्यांसह होतें. त्या दिवशीं गडी कोठें बसतो व केव्हां जेवतो, हें पाहावें. तो पाहुण्यांस वाढून, भांडीं उचलून, शेवटीं उरलेलें बांधून नेत असेल, तर पाडव्यास तो राहील अशी आशा त्या मालकानें करूं नये.

आतां आमच्या घरची गोष्ट. सांगण्यास संकोच वाटतो, परंतु ती न सांगतां वरील उपदेश केला तर तो कोरडा होईल.

आमच्याकडे एक गडी सलग नऊ सालें होता. लाल कंधारी बैलांची जोडी त्याच्या आवाजावर चाले. दुसऱ्या कोणाचा हात लागला तर त्यांतला एक बैल शिंग उगारी. नवव्या सालीं भाद्रपदांत त्याची बायको आजारी पडली. त्यानें पैसे मागितले, ते आम्हीं लागलीच दिले. तिच्याबरोबर तो अकरा दिवस दवाखान्यांत राहिला. आम्हीं त्यास एक शब्द बोललों नाहीं, आणि आपण फार उदारपणें वागलों असें आम्हांस वाटत होतें. फाल्गुन अखेर हिशेब केला. आयुष्यभर सरकारी वह्या लिहिलेला आमचा हात. आम्हीं नियमाप्रमाणें दिलेले पैसे उचलींत धरले आणि अकरा दिवसांचे खाडे कापले. वही त्याच्यासमोर वाचून दाखविली. त्यानें ऐकून घेतलें आणि इतकेंच म्हणाला, "मालक, वही बी तुमची अन् शाई बी तुमची. म्या काय बोलावं?"

पाडव्यास तो आला नाहीं. मुकादमानें आमच्याकडील बाकी आणून दिली आणि तो ऊसतोडीस गेला. नियमानें पाहतां आम्हीं चुकलों नव्हतों. परंतु खाडे कापले जातील हें आम्हीं पाडव्यास कधीं बोललोंच नव्हतों. मागील आठ सालांत त्याचे असे दिवस पडलेच नव्हते. जें बोललें गेलें नाहीं तें आम्हीं आपल्या बाजूनें धरलें, एवढाच त्या हिशेबांतील दोष. आणि तो पुरेसा होता. पुढील सालीं नवा गडी आला. पैकीं एका बैलानें त्यास जवळ येऊं दिलें नाहीं, सबब जोडी हाळीच्या बाजारांत विकावी लागली. विहिरीवरील मोटार कोरडी चालून जळाली, कारण पाणी कितीं तासांनीं तळास जातें हें जुन्यास ठाऊक होतें, नव्यास नव्हतें. तो नवा गडीही दिवाळीस गेला. अकरा दिवसांच्या खाड्यांत जें वांचविलें त्याच्या कित्येक पट त्या वर्षीं गेलें.

तेव्हांपासून आम्हीं रीत बदलली. साल ठरवितांना कागद दोन करतों. रोकड किती व कोणत्या महिन्यांत, ज्वारी किती व कोणती, रजा महिन्यास चार, आजारपणाचे बारा दिवस न कापतां, बायकोचें काम असल्यास त्याचे वेगळे, आणि मध्येंच सोडून जावयाचें झाल्यास हिशेब कसा करावयाचा, हें सर्व त्यांत असतें. सोडून जाण्याची अट आधींच लिहिल्यानें गडी लवकर जाईल असें आमच्या शेजाऱ्यांस वाटलें. अनुभव उलट आहे. रोकड एकदम न देतां दरमहा तिच्या ठरलेल्या तारखेस त्याच्या खात्यांत भरतों. त्यामुळें उचलीचें ओझें उरत नाहीं आणि सावकाराकडे जाण्याचें कारणही पडत नाहीं. मूल शाळेंत जाणारें असेल तो गडी आम्ही मुद्दाम पाहतों, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेंत मुलाचें नांव असलें म्हणजे घर सहसा हलत नाहीं.

ट्रॅक्टर आला, गुत्त्याच्या टोळ्या आल्या. आतां सालगडी हवाच कशास, असें कोणी विचारतील. ज्यांच्या दावणीस जनावर नाहीं त्यांस कदाचित् नकोही असेल. परंतु ज्यांच्याकडे देवणी गाय किंवा कंधारी जोडी आहे, भाजीपाला किंवा ओलिताचा तुकडा आहे, त्यांचें काम रोज बदलणाऱ्या हातांनीं होत नाहीं.

हल्लीं आमच्याकडील गड्याचें तिसरें साल चालू आहे. त्यास लिहितां येत नाहीं. म्हणून दुसरी वही त्याची सहावींत शिकणारी मुलगी लिहिते. मागील पाडव्यास दोन्ही वह्या शेजारीं शेजारीं ठेवून ताळा पाहिला, तेव्हां आमच्या बेरजेंत दोनशें रुपयांची चूक निघाली, आणि ती आमच्याच फायद्याची होती. मुलीनें बोट ठेवून ती दाखविली. आम्हीं चष्मा पुसून पुनः बेरीज केली, दोनशें रुपये काढून दिले, आणि दोन्ही वह्यांवर त्या दिवसाची तारीख घातली.